रोजची वही: डावीकडे सूर्य, उजवीकडे जमीन

जुना_वायरलेसवाला | शनिवार, ११ मे २०२४, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. ही वही मी बरीच वर्षं माझ्यापुरतीच लिहितोय, डाव्या रकान्यात सूर्यामुळं येणारी चुंबकीय वादळं, उजव्यात भूकंप, पण आज राहवत नाही म्हणून धागा काढतो. सदर चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

डावा रकाना: केपी ९. होय, नऊच, ह्याच्या वर आकडाच नाही. पहाटे साडेचारच्या सुमाराला वादळ जी ५ ला पोचलं, ह्याच्या आधीचं जी ५ ऑक्टोबर २००३ चं म्हणजे मी नोकरीत होतो तेव्हाचं. सूर्यावर ३६६४ नंबरचा डाग आहे, पंधरा-सोळा पृथ्व्या शेजारी शेजारी मांडल्या तर मावतील एवढा पसरलाय, त्याने तीन दिवसात एकामागून एक भारित कणांचे ढग सोडले आणि मागचे ढग पुढच्यांना गाठत आले म्हणून हा दणका. अमेरिकेच्या खात्याने जी ४ चा इशारा आधीच दिला होता, तोही २००५ नंतर पहिल्यांदा.

उजवा रकाना: रोजच्यासारखाच, वेगळं लिहावं असं काही नाही.

ज्यांना केपी म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जगभरच्या वेधशाळांत पृथ्वीचं चुंबकत्व किती हललं ते दर तीन तासांनी मोजतात आणि त्याला ० ते ९ गुण देतात. पाचपासून वादळ म्हणायचं, पाचला जी १, सहाला जी २ असं करत नऊला जी ५. आणि सूर्यावरचा भडका वेगळा, वादळ वेगळं. भडक्याचा उजेड आणि क्ष-किरण आठ मिनिटात पोचतात, ढग मात्र पंधरा-सोळा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही. लोक दोन्ही एकच समजतात.

आज सकाळी सातला पाच कमी असताना ह्याच डागाने अजून एक भडका दिला, एक्स ५.८, म्हणजे सगळ्यात मोठ्या वर्गातला. आम्हा हौशी रेडिओवाल्यांचं ४० मीटरच्या लहरींवर सकाळचं नेट असतं, पाच-सहा म्हातारे आपापल्या गच्चीवरून एकमेकांची बीपी विचारतात, एवढंच. असा भडका दिवसाच्या बाजूचा रेडिओ बंद पाडतो. सूर्य नुकता वर आला होता त्यामुळं पूर्वेकडच्या देशांइतका फटका आपल्याला नाही, पण कोल्हापूरचा आवाज घागरीतून यावा तसा झाला आणि मग नुसतीच खरखर. लोक म्हणाले काका तुमची अँटेना पडली का बघा. गच्चीवर जाऊन बघितली सुद्धा. जागेवर होती.

---

खगोलवेडा | ११ मे, ९:४०

जबरी धागा काका! वाखूसा (वाचनखूण साठवली). हानलेहून आकाश लाल झालेले फोटो आलेत बघितले का? लडाखमध्ये ऑरोरा, ध्रुवांकडे दिसतो तो रंगीत प्रकाश!! भारतीय तारा-भौतिकी संस्थेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आलाय.

आणि अजून एक, २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाचे चष्मे कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडले असतील तर आत्ता काढा, चरे नसतील तरच. मी आत्ता गच्चीतून बघितलं, डाग नुसत्या चष्म्यातून दिसतोय, सूर्याच्या थाळीवर तीळ चिकटल्यासारखा. दुर्बिणीची गरजच नाही.

---

ट्रॉम्सोची_सून | ११ मे, दुपारी १:२०

माझं दुःख कोणाला सांगू. लग्न होऊन आठ वर्षं नॉर्वेत ट्रॉम्सोला आहे, ऑरोरा बघायला लोक लाखो रुपये खर्चून आमच्या गावात येतात, आणि ह्या वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ मे महिन्यात! आमच्याकडे आता रात्री अंधारच होत नाही. आठवड्याभरात सूर्य मावळायचाच बंद होईल. काल रात्री एक वाजता बाल्कनीत उभी होते, डोक्यावर निळं आकाश, शेजारी गवत कापतायत, आणि पुण्याहून भावजय लडाखचे फोटो पाठवतेय की वन्सं तुमच्याकडे कसं दिसलं.

---

मिरची_कांदा | ११ मे, १:३१

@ट्रॉम्सोची_सून लोल. भावजयीने मुद्दाम पाठवलेत.

काका एक शंका, डावं-उजवं एकाच वहीत का? सूर्य आणि भूकंप ह्यांचा काही संबंध आहे का?

---

जुना_वायरलेसवाला | ११ मे, २:०५

सांगतो. लांबण लागेल.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मी आठ वर्षांचा. मला आठवतंय ते आवाजापासून आठवतंय, खालून रेल्वे जावी तसा, आणि आम्ही तोवर रेल्वे बघितलेलीच नव्हती त्यामुळं हे नंतर सुचलेलं असणार. वडलांनी मला आणि बहिणीला एकेका काखेत धरून खळ्यात नेऊन टाकलं आणि आजीला आणायला परत आत गेले. आजी देवापाशी बसलेली, हलेना. तिला घोंगडीसकट उचललं. नंतर महिनाभर आम्ही शेतात खोपटात झोपलो, डिसेंबरची थंडी, रोज चार-दोन धक्के, धक्का बसला की कुत्री आधी भुंकायची का नंतर ह्यावर वडील आणि चुलते भांडायचे.

६.३ चा होता. १८० च्या आसपास माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं. वीजकेंद्र बंद पडल्याने मुंबईची सुद्धा वीज गेली होती.

पुढं वायरलेसमध्ये नोकरी लागली. तिथं सूर्याने घोळ घातला की आम्हाला वरून शिव्या पडायच्या, लाईन का मिळत नाही म्हणून. १३ मार्च १९८९ ला सौरवादळाने कॅनडातल्या क्यूबेकची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात, तेव्हा आमच्या साहेबाने पहिल्यांदा कबूल केलं की सूर्य म्हणून काहीतरी असतं. तेव्हापासून डावा रकाना. उजवा मनात आधीपासून होताच. एकाच वहीत लिहितो कारण वही एकच आणि लिहिणारा एकच. संबंध असेल असं मलाही तरुणपणी वाटायचं, खोटं का बोलू.

---

चक्रधर | रविवार, १२ मे, संध्याकाळी ७:४८

वाटायचं म्हणजे? आत्ताच बातम्या बघा. आज संध्याकाळी पाचच्या पुढे मेक्सिको-ग्वाटेमाला सीमेवर ६.४ चा भूकंप. वादळ शनिवारी पहाटे, भूकंप रविवारी संध्याकाळी. छत्तीस-सदतीस तास. हा योगायोग का? वादळात जमिनीतून विद्युतप्रवाह वाहतात हे तर तुमच्या क्यूबेकवरूनच सिद्ध आहे, खडकात क्वार्ट्झ असतं, क्वार्ट्झला वीज दिली की ते आकुंचन पावतं, घड्याळात तेच तर वापरतात. आधीच ताणलेला खडक असेल तर शेवटची काडी पुरते. शास्त्रज्ञांना मान्य करायचं नसतं कारण मग त्यांना विचारतील आधी का नाही सांगितलंत.

---

वर्षा_ऋतू | १२ मे, ८:२०

आला का! मी वाटच बघत होते कोण म्हणणार ते :)

---

जुना_वायरलेसवाला | १२ मे, रात्री ९:३५

चक्रधरराव, रागावू नका. तुम्ही म्हणताय ते मीच १९९१ साली साहेबाला म्हणालो होतो, क्वार्ट्झसकट.

उजव्या रकान्याचा हिशोब सांगतो. जगात वर्षाला आठ किंवा वरचा सरासरी एक होतो. सातचे पंधरा. सहाचे सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान. पाचचे तेराशेच्या आसपास. म्हणजे पाचच्या वरचे रोजचे चार, रोजचे बरं का, आपण दात घासतोय तेव्हा एक, जेवतोय तेव्हा एक. आणि सहाच्या वरचा दर अडीच दिवसाला एक. आता तुम्ही म्हणाल भडक्यानंतर तीन दिवसात सहाचा झाला तर संबंध. मग कुठलीही तारीख घ्या, तुमच्या मुंजीची घ्या, पुढच्या तीन दिवसात सहाचा होण्याची शक्यता दहात सात आहे. वादळ असो नसो.

मेक्सिकोचा ६.४ म्हणजे ठरल्या वेळेला आलेली एसटी आहे. ती तुमच्यासाठी आलेली नाही.

---

सिलेंडरवाली_मावशी | सोमवार, १३ मे, सकाळी ११:१५

वायरलेस काका, मी तुमचं खरं करून बघितलं.

आमच्याकडे सिलेंडर बदललं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची सासूबाईंची शिस्त आहे, त्या गेल्या तरी मी करते. दुधाचे खाडे खाली, सिलेंडरचे गोल वर. जुनी तीन कॅलेंडरं माळ्यावरून काढली आणि लेकाला अमेरिकन भूगर्भ खात्याची यादी उघडायला लावली, एकेक गोल घेऊन पुढचे तीन दिवस. बहुतेक गोलांनंतर सहाचा सापडलाच! कुठे टोंगा, कुठे चिली, कुठे पापुआ का काय ते. एकदा तर सिलेंडर लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुर्कस्तानचा ७.८ चा, ६ फेब्रुवारी २०२३. आमचे हे म्हणाले आता जरा जपून गॅस वापर, जग हादरतंय.

---

मिरची_कांदा | १३ मे, ११:२२

मावशी _/\_

---

खगोलवेडा | १३ मे, ११:४०

शोधनिबंध लिहा मावशी, मी सहलेखक.

जरा गंभीरपणे, चक्रधर ह्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. २०२० मध्ये एका इटालियन गटाने पेपर छापला होता की पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोतात, प्रोटॉनची घनता वाढली की साधारण एक दिवसाने मोठे भूकंप जास्त दिसतात, म्हणजे हे सगळं नुसतं व्हॉट्सॅपवरचं नाही. पण त्याच्या आधी २०१३ ला अमेरिकन भूगर्भ खात्याच्या लव्ह आणि थॉमस ह्या दोघांनी १९०० पासूनचे साडेसातच्या वरचे भूकंप घेऊन सूर्यडाग, सौरवाऱ्याचा वेग आणि चुंबकीय वादळं तिन्ही लावून बघितलं होतं, त्यांना लक्षात घेण्यासारखं काही सापडलं नाही. आणि समजा प्रोटॉनवालं खरं धरलं तरी त्यातून कुठे होणार, कधी होणार हे शून्य कळतं. गुंटूर का ग्वाटेमाला?

---

चक्रधर | १३ मे, दुपारी ४:०२

मग २००४ ची त्सुनामी? त्याच वेळी अवकाशातून गॅमा किरणांचा प्रचंड झोत आला होता, हे तर नोंदलेलं आहे.

---

खगोलवेडा | १३ मे, ४:५५

नोंदलेलं आहे, मान्य. एसजीआर १८०६-२० नावाचा मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेला मेलेला तारा, हजारो प्रकाशवर्षं लांब, तिथून आलेल्या झोताने पृथ्वीचं आयनोस्फियर, म्हणजे हवेचा सगळ्यात वरचा विद्युतभारित थर, हललं होतं. पण वेळ बघा ना भाऊ. सुमात्राचा भूकंप २६ डिसेंबरला आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या सुमाराला. झोत आला २७ च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे २८ उजाडायच्या आधी, पहाटे तीनला. चव्वेचाळीस तास उशिरा! पाहुणे जेवून गेले आणि मग पत्रावळ्या मांडल्या.

---

अभियंता_बाई | १३ मे, रात्री १०:१०

क्वार्ट्झच्या मुद्द्यावर एवढंच. बहुतेक मोठे भूकंप दहा किलोमीटर नाहीतर त्याहून खोल सुरू होतात, तिथे वरच्या खडकाचं वजनच काही हजार वातावरणांइतकं. वादळाने जमिनीत निर्माण होणारी वीज दर किलोमीटरला काही व्होल्ट, फार मोठ्या वादळात. शेकडो किलोमीटर लांब तारेत ती साठते म्हणून ट्रान्सफॉर्मर जळतो. घड्याळातला क्वार्ट्झ एकच कापलेला स्फटिक असतो, खडकात लाखो कण आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, एक ओढतो दुसरा ढकलतो, हिशोब शून्य.

आणि शेवटची काडी हवी असेल तर ती कोयनेत आहेच की. १९६२ पासून शिवाजीसागर भरायला लागला, धरण १०३ मीटर उंच, पाणी भेगांतून खाली मुरतं आणि आधीच ताणलेल्या भेगेवरचा दाब बदलतो. पावसाळ्यात तलाव भरला की नंतर धक्के वाढतात हे अर्धशतक बघितलंय लोकांनी, जगात पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच. कराडजवळ हजारमाचीला खास प्रयोगशाळा आहे, ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय त्यांनी. सूर्यापर्यंत जायची गरज काय, आपल्याच धरणाकडे बघा.

---

जुना_वायरलेसवाला | मंगळवार, १४ मे, सकाळी ८:३०

बाईंनी आमच्या गावचंच सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर आजही म्हणतील धरणानेच केलं, आणि शास्त्रज्ञ ऐकायला तयार व्हायच्या आधीपासून म्हणतायत. चक्रधररावांच्या बाजूने एवढा एक मुद्दा टाकतो.

आजचा डावा रकाना: वादळ ओसरलंय, डाग आता सूर्याच्या पश्चिम कडेला चाललाय. अमेरिकेत वादळाच्या वेळी मक्याच्या पेरणीचे दिवस होते, तिथले ट्रॅक्टर जीपीएसवर सरळ रेषेत चालतात, ते वेडेवाकडे चालायला लागले म्हणून शेतकऱ्यांनी काम थांबवलं. आमच्याकडं बैलांना असा त्रास नव्हता.

आता थोडं अवांतर पण आपलं आहे म्हणून. परवाच्या वादळात डीएसटी म्हणजे विषुववृत्ताजवळचं चुंबकत्व एरवीपेक्षा किती घटलं तो आकडा उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला आणि जगभर कल्ला झाला. १८५९ च्या सप्टेंबरात, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात, तेव्हा मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत आकडा पडला तो साधारण उणे १६००. तेव्हा आपोआप काही नव्हतं हो. माणूस बसायचा आणि डोळ्याने पट्टी वाचून वहीत लिहायचा, एरवी तासाला, आणि सुई अशी नाचायला लागली की दर पंधरा आणि पाच मिनिटांनी. १८५९! सत्तावन्नचं बंड शमून वर्ष झालं नाही, आणि कुलाब्याला कोणी कारकून बसून पाच पाच मिनिटांनी आकडे लिहितोय. त्याचं नाव मला माहीत नाही, पण जगातले सगळे लोक आज ती वही वापरतात. माझी वही त्याच्यापुढं काय.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या प्रवाहाने सुई हलणार, म्हणून नानाभाई मूस ह्यांनी वेधशाळा उचलून अलिबागला नेली, १९०४ ला. दोन वर्षं दोन्हीकडं बरोबरीने मोजमाप केलं आणि मगच कुलाब्याचं बंद केलं. अलिबागची इमारत लोखंड न वापरता बांधलेली आहे, खिळासुद्धा नाही. आता ती नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेकडं आहे.

---

सिलेंडरवाली_मावशी | १४ मे, ९:०५

आम्ही दर वर्षी अलिबागला जातो, किल्ला आणि पोपटी झाली की परत. हे कधी कोणी सांगितलंच नाही!

---

जिओ_जी_भरके | १४ मे, ९:५०

ते १६०० आणि ४०० सरळ तुलना करता येत नाही काका. १६०० हा एका ठिकाणचा त्या क्षणाचा आकडा, डीएसटी तासाची सरासरी आणि चार वेधशाळांची मिळून. तासाची सरासरी काढली की कुलाब्याचं बरंच खाली येतं. तरीही परवाच्या दुप्पट म्हणा.

---

जुना_वायरलेसवाला | १४ मे, १०:१५

बरोबर आहे, वहीत दुरुस्ती करतो. दुप्पट.

चक्रधरराव, एक विनंती. भांडण नको. तुम्ही पुढच्या वेळी भूकंप व्हायच्या आधी इथं लिहा. तारीख, जागा, किती रिश्टर. झाल्यावर लिहायचं नाही. मी वहीत तिसरा रकाना आखतो तुमच्या नावाचा.

---

चक्रधर | १४ मे, १०:४०

मंजूर. येत्या पाच दिवसांत प्रशांत महासागराच्या पट्ट्यात सहाच्या वरचा.

---

मिरची_कांदा | १४ मे, १०:४४

येत्या पाच दिवसांत दादर स्टेशनावर गर्दी होईल.

---

वसमतकर | बुधवार, १० जुलै २०२४, सकाळी ८:०३

धागा वर आणतेय. आत्ता पाऊण तासापूर्वी आमच्याकडं लई जोरात हादरलं. हिंगोली जिल्ह्यात, वसमतजवळ आमचं गाव. ७:१४ ला. राष्ट्रीय भूकंप केंद्राच्या अ‍ॅपवर ४.५ दाखवतंय. नांदेडला मामा राहतो, त्यालाही जाणवलं, परभणीलाबी.

मी चहा गाळत होते. आधी आवाज आला, पत्र्यावर कुणी पोतं ओढतंय असा, मग मांडणीतली ताटं एकदम वाजायला लागली. आज्जाची खाट आतल्या खोलीत, त्याच्या बरोबर वर फळी आहे, तिच्यावर आज्जीच्या लग्नातले पितळी हंडे आणि तांब्या ओळीनं मांडलेले. शेवटचा तांब्या पडला. खाटेच्या ठाव्यावर लागून खाली गेला, आज्जाच्या डोक्यापासून वितीवर. आज्जा म्हणतो कोण आलंय.

मार्चमधीबी असंच झालं होतं, २१ तारखेला सकाळी दहा मिनिटात दोन. आणि पांगरा शिंद्याला तर कित्येक वर्षापासून जमिनीतून आवाज येतात, लोक आले की मशीन लावून जातात. माझा प्रश्न सूर्याचा नाही. मोठा येणार का?

---

चक्रधर | १० जुलै, ८:३०

ताई, तुम्ही सगळे सुखरूप आहात ना? मे महिन्याच्या त्या प्रचंड वादळाचा परिणाम आता उशिरा

(संपादित: राहू दे. सध्या बाहेर बसा थोडा वेळ, पाण्याची बाटली जवळ ठेवा.)

---

अभियंता_बाई | १० जुलै, ९:१०

वसमतकर, मोठा येणार का हे जगात कोणालाच सांगता येत नाही, जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. चीनने १९७५ ला हायचेंगचा आधी ओळखला होता, आधीचे छोटे धक्के वाढत होते म्हणून गाव रिकामं केलं. सगळ्यांना वाटलं जमलं. पुढच्याच वर्षी तांगशानला काहीच सुगावा न लागता लाखो लोक गेले.

आपला भाग प्लेटच्या कडेला नाही, मध्ये आहे. भारताची प्लेट वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास उत्तरेला सरकतेय, हिमालयात अडतेय आणि त्याचा ताण दख्खनच्या जुन्या भेगांवरही येतो. बसाल्टच्या खाली त्या भेगा कुठे आहेत हे वरून दिसत नाही. किल्लारी तोवर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात, झोन एकमध्ये धरली होती, झोन एक! २००२ ला नकाशा बदलला आणि आता तो झोनच काढून टाकलाय.

पण किल्लारीने दुसरं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. ६.२ चा होता. एवढ्या आकड्याच्या भूकंपात जपानमध्ये क्वचित कोणी दगावतं. आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास गेले. माणसांना मारलं ते दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतींनी आणि वरच्या माळवदाने. उन्हाळ्यात गार लागतं म्हणून दर वर्षी माती घालून घालून माळवद जाड झालेलं, टनावारी वजन, भिंतीत आडवा बांध एक नाही. भिंत बाहेर फाकली की सगळं खाली.

तुमचं घर कशाचं आहे? पत्रा आहे म्हणालात, तर बरं आहे. पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवलेत का? असतील तर आज काढा, तारेने बांधा. भिंतीचे कोपरे बघा, तिरकी भेग आहे का. आणि आजोबांची खाट किंवा फळी, दोन्हीपैकी एक हलवा.

---

वसमतकर | १० जुलै, दुपारी १२:२०

दगड आहेत बाई, चौदा. बाबा काढतोय. भिंत समोरची विटाची, मागची दगड-मातीची जुनी. मागच्या कोपऱ्यात भेग आहे, पण ती आधीची का आत्ताची कळंना.

---

अभियंता_बाई | १० जुलै, १२:४१

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. मध्ये काचेचा तुकडा सिमेंटने आडवा चिकटवा. भेग हलली तर काच तडकेल. रात्री मागच्या खोलीत कोणी झोपू नका.

---

तोक्यो_पोहे | १० जुलै, १:१५

जपानमधून. इथे २००७ पासून फोनवर इशारा येतो, तो भूकंपाच्या आधी नाही, भूकंप सुरू झाल्यावर. पहिल्या लाटा हलक्या आणि जलद, मागच्या जड आणि सावकाश, जवळच्या यंत्राला पहिली लाट लागली की लांबच्यांना पाच-दहा सेकंद मिळतात. मला आजवर जास्तीत जास्त वीसेक सेकंद मिळाले असतील, त्यात मी गॅस बंद केला आणि टेबलाखाली गेले, पोहे करपले नाहीत. केंद्राच्या अगदी डोक्यावर असाल तर एकही सेकंद मिळत नाही.

---

खगोलवेडा | शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:५०

काका कुठे आहात, केपी परत आठच्या पुढे, जी ४, हानलेला परत लाल! आणि @ट्रॉम्सोची_सून आता तरी अंधार आहे ना तुमच्याकडे??

---

ट्रॉम्सोची_सून | ११ ऑक्टोबर, दुपारी २:०८

अंधार आहे.

ढग आहेत.

---

जुना_वायरलेसवाला | बुधवार, ३० जुलै २०२५, सकाळी ७:२५

बरेच दिवस मोतीबिंदूमुळं लिहिणं बंद होतं, वही नातू लिहितो.

उजवा रकाना: ८.८. कामचाटका, आपल्या वेळेने आज पहाटे पाचच्या सुमाराला. जपान, हवाई सगळीकडं त्सुनामीचे इशारे चालू आहेत. २०२१ च्या ऑगस्टनंतर आठच्या वरचा हा पहिलाच. मधली जवळजवळ चार वर्षं, ज्यात सूर्य शिखरावर होता, २०२४ चं ते जी ५ सुद्धा त्यातच, आठचा एकही नाही, आणि २०२४ ला सातचेही सरासरीपेक्षा कमी. तिथेच कामचाटकात १९५२ ला ९.० झाला होता. तेव्हा आमचे वडील शाळेत असतील.

चक्रधरराव, तिसरा रकाना उघडा आहे अजून.

---

चक्रधर | ३० जुलै, सकाळी ८:११

ह्या वेळी मी आधी काहीच लिहिलं नव्हतं काका. खरं सांगायचं तर वर्षभर मी घरी गुपचूप तुमच्यासारखी वही लिहिली. सहाच्या वरच्यांवर गोल करायचो आणि आदल्या तीन दिवसांत भडका शोधायचो. सापडायचा, जवळजवळ दर वेळी. मग बायको म्हणाली जेव्हा भडका आहे पण भूकंप नाही ते पण लिहा की. ते लिहायला लागल्यावर मजा गेली.

तरी आयनोस्फियरचं बघावं असं माझं मत आहे.

---

खगोलवेडा | ३० जुलै, ८:३४

त्यात चूक काहीच नाही चक्रधर! उलट तिथे खरं काम चालू आहे, फक्त दिशा उलटी. सूर्याने जमीन हलत नाही, पण जमीन हलली की वरचं आकाश हलतं. २०११ ला जपानच्या भूकंपानंतर दहा-एक मिनिटांत आयनोस्फियरमध्ये तळ्यात दगड टाकावा तशा लाटा जीपीएसमधून दिसल्या होत्या. आता प्रश्न एवढाच की भूकंपाच्या आधीही वर काही होतं का. फ्रान्सने डेमेटर उपग्रह त्यासाठीच सोडला होता, चीनचा २०१८ पासून फिरतोय. अजून पक्कं काही नाही, आणि अडचण हीच की रोज सूर्य वरचं आकाश हलवत असतो, त्यात जमिनीचा आवाज कुठला ते वेगळं काढायचं. म्हणजे भूकंपवाल्यांना केपी बघावाच लागतो, वगळण्यासाठी!

आज संध्याकाळी इस्रो-नासाचा निसार उपग्रह पण उडतोय, तो जमिनीची सेंटीमीटरभर हालचाल वरून मोजेल.

---

जुना_वायरलेसवाला | ३० जुलै, ९:०२

म्हणजे दोन रकाने शेजारी ठेवले ते बरंच केलं म्हणायचं. चक्रधरराव, वही स्कॅन करून पाठवा, बायकोने लिहायला लावलेलं पान आधी.

वसमतची पोरगी कुठंय? काच तडकली का?

---

वसमतकर | ३० जुलै, रात्री ८:४७

आहे काका. काच शाबूत आहे, नंतर दोनदा बारीक हादरलं तरी. भेग जुनीच निघाली. मागची भिंत ह्या उन्हाळ्यात उतरवायची होती पण कापसाचे पैसे आले नाहीत, पुढच्या वर्षी बघू. पत्र्याला आता तार आहे.

फळीवरचे हंडे आज्जानं काढू दिले नाहीत, म्हणला तिनं मांडलेत तसेच राहतील. खाट मात्र त्यानं स्वतःच दाराकडं ओढली.